हेमाडपंत, जकणाचारी आणि दगडावरची नावे

चुन्यावाचून, दगडावर दगड बसवून उभारलेले कोणतेही जुने देऊळ दृष्टीस पडले की मराठी माणसाच्या तोंडून 'हेमाडपंती' हा शब्द सहज निघतो. धारवाडच्या मराठी घरांतही तो पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. शेजारच्या कानडी घरात चौकशी करावी, तर तेच देऊळ जकणाचारीने बांधलेले असते. एकाच भिंतीला लागून राहणाऱ्या दोन घरांनी एकाच देवळासाठी दोन निरनिराळे कर्ते ठरवून टाकले आहेत, आणि दोघांचाही आपापल्या कर्त्यावर पूर्ण विश्वास आहे. या लेखात एका दिवसात धारवाडहून जाऊन येता येईल अशा काही देवालयांची वाट सांगावयाची आहे. परंतु ती सांगताना या दोन नावांचा निकाल लावल्यावाचून पुढे जाणे शक्य नाही.

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री. देवगिरीचे यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या कारकिर्दींत, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो श्रीकरणाधिप होता. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ त्याचा. मोडी लिपी त्याने लंकेहून आणली, बाजरीचे पीक त्यानेच प्रचारात आणले, असेही आपण ऐकत आलो आहोत. ज्याने हिशेब, धर्मशास्त्र आणि शेती या सर्वांत हात घातला, त्याच्या पदरात लोकांनी देवळेही घातली, यात नवल नाही.

जकणाचारीची गोष्ट अधिक रंगतदार आहे. इ. स. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या धारवाड खंडात तो एक राजपुत्र आहे; त्याच्या हातून नकळत ब्रह्महत्या घडली आणि तिच्या क्षालनार्थ काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे उभारण्यात त्याने वीस वर्षे घालविली, असे तेथे नमूद आहे. दक्षिणेकडे, तुमकूरजवळच्या कैदाळ गावी, तोच जकणाचारी शिल्पी होतो. त्याने घडविलेल्या मूर्तीच्या दगडात बेडूक असल्याचे त्याचाच मुलगा दाखवून देतो, आणि पैज हरलेला बाप आपला हात तोडून देतो. कथा म्हणून ही उत्तमच आहे. पण ज्या देवळांच्या भिंतींवर आणि अंगणांत कर्त्यांची, दात्यांची आणि आचार्यांची नावे कोरून ठेवलेली आहेत, त्या देवळांना अशा कथेची गरज का पडावी, हा प्रश्न उरतोच.

कालगणना पाहिली तरी पुरे. ज्या मंदिरांकडे आपण आता जाणार आहोत, ती बहुतेक अकराव्या व बाराव्या शतकांतील आहेत. हेमाद्री अधिकारावर आला तेव्हा इटगीचे देवालय दीडशे वर्षांचे, तर लक्कुंडीची जैन बस्ती अडीचशे वर्षांची झाली होती. खुद्द महाराष्ट्रातही अंबरनाथचे शिवालय शिलाहारांच्या काळातील, इ. स. १०६० मधील शिलालेख मिरवीत उभे आहे. तरीही ते हेमाडपंतीच!

चुकीची चिठ्ठी चिकटविण्याचा हा प्रकार केवळ देवळांपुरता नाही. कंपनी सरकारच्या काळापासून धारवाड-बेळगाव-विजापूर हा मुलूख इंग्रजी कागदोपत्री 'सदर्न मराठा कंट्री' म्हणून ओळखला जाई. प्रदेश बहुतांशी कानडी बोलणारा, पण पेशवाईतील सरदार-जहागीरदारांमुळे आणि मोडी दफ्तरांमुळे नाव पडले मराठ्यांचे. इ. स. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या आगगाडीच्या कंपनीचे नावही 'सदर्न मराठा रेल्वे', आणि तिची मुख्य कचेरी आपल्या धारवाडातच. आजही हुबळीहून गदगला नेणारा लोहमार्ग त्याच कंपनीने घातलेला आहे. नावाने आपणांस खूश व्हावयास हरकत नाही, पण त्यावरून इतिहास ठरवू नये.

सुभाष रोडवर राहणाऱ्यांना दोन भाषांच्या शेजाराचे अप्रूप सांगावयास नको. याच रस्त्यावर इ. स. १९३३ पासून मनोहर ग्रंथमालेने कानडी साहित्याचा संसार मांडला, जी. बी. जोशी यांच्या त्या 'अट्टा'वर, म्हणजे माळ्यावर, कानडी लेखकांच्या दोन पिढ्या घडल्या. घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे याच गावात कानडीचे सर्वश्रेष्ठ कवी झाले आणि मराठीतही लिहिते राहिले. पुढे वर्णन केलेली देवळे पाहताना हा शेजार फार उपयोगी पडतो, कारण तेथील जवळजवळ सर्व लेख कानडीत आहेत.

सकाळी लवकर निघावे. हुबळीच्या अलीकडे उणकल येथे चंद्रमौळेश्वराचे लहानसे पण देखणे देवालय आहे. चारही दिशांना दारे हा त्याचा विशेष. सभोवती वस्ती इतकी दाटली आहे की देऊळ शोधावे लागते. तेथून हुबळी ओलांडून गदगच्या रस्त्याला लागले की अण्णिगेरी. कल्याणीच्या चालुक्यांचा अखेरचा राजा चौथा सोमेश्वर याने पडत्या काळात जेथे राजधानी केली, तेच हे गाव. येथील अमृतेश्वराचे देवालय इ. स. १०५० च्या सुमाराचे असून त्याच्या मंडपाचे छत ७६ खांबांनी तोलले आहे. या देवळाचे महत्त्व मात्र खांबांच्या संख्येपेक्षा त्याच्या दगडात आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे.

बदामीच्या चालुक्यांनी सातव्या-आठव्या शतकांत ऐहोळे-पट्टदकल येथे जी देवळे बांधली, ती वालुकाश्माची. मोठमोठे ठोकळे, रुंद भिंती, आणि कोरीव काम जोरकस पण मोजके. कल्याणीच्या चालुक्यांच्या कारागिरांनी हा दगड सोडून हिरवट-निळसर छटेचा मृदू दगड हाती घेतला. त्याचे शास्त्रीय नाव क्लोराइट शिस्ट. सामान्य भाषेत साबणदगड. अण्णिगेरीचे देवालय या दगडात बांधलेल्या आरंभीच्या देवळांपैकी मानतात. खाणीतून निघतो तेव्हा तो छिन्नीला सहज वश होतो, आणि वाऱ्या-उन्हात राहून हळूहळू कठीण होत जातो. ठोकळे लहान झाले, बांधणी नाजूक झाली, आणि शिल्पी दगडात सोनाराचे काम करू लागला. गमतीची गोष्ट अशी की, रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जातीच्या पाषाणसमूहाला जे नाव दिले, ते आपल्याच गावाचे. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत 'धारवाड' हा शब्द शहरापेक्षा खडकासाठी अधिक वेळा आला असेल.

महाराष्ट्रातील समकालीन देवळे आणि ही देवळे यांत डोळ्यांना जाणवणारा जो फरक आहे, त्याचे मोठे कारण हेच. अंबरनाथ, सिन्नरचा गोंदेश्वर, कृष्णाकाठच्या खिद्रापूरचा कोपेश्वर ही सारी काळ्या बेसॉल्टची. तो दगड कठीण आणि पुष्कळदा सच्छिद्र. त्यात ठसठशीत मूर्ती उठते, पण दगडाच्या आत शिरून पानामागे पोकळी ठेवण्याइतकी बारीक कोर निघणे दुरापास्त. आमच्या कारागिरांचा हात कमी कसबी होता असे कोणी मानू नये. सह्याद्रीने त्यांना दुसरा दगड दिलाच नाही.

गदगमध्ये पंडित भीमसेन जोशी यांचा जन्म इ. स. १९२२ मध्ये झाला, आणि वीरनारायणाच्या देवळात बसून कुमारव्यासाने आपले कानडी भारत रचले असे मानतात. गावाला एवढा अभिमान पुरेसा आहे. परंतु मराठी इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे ते त्रिकूटेश्वरापाशी. तीन लिंगांचे हे पुरातन शिवस्थान. आवारातच सरस्वतीचे देवालय आहे, आणि त्याचे खांब हे या भागातील उत्कृष्ट खांबांत गणले जातात. मूर्ती भग्न झालेली असल्यामुळे तिची पूजा होत नाही. ग्रंथालयाच्या सभासदांनी तिच्यासमोर दोन क्षण थांबावे, एवढेच सुचवितो.

त्रिकूटेश्वराच्या देवळातील दोन शिलालेखांची हकीकत आमच्या मते या संपूर्ण वाटेवरील सर्वांत विलक्षण आहे. कल्याणीची सत्ता मोडकळीस आल्यावर तिच्या वारशासाठी उत्तरेकडून देवगिरीचा यादव भिल्लम आणि दक्षिणेकडून होयसळ वीरबल्लाळ असे दोघे धावले. देवगिरी वसविणारा भिल्लम तो हाच. इ. स. ११९१ मध्ये या प्रदेशाचा स्वामी म्हणून त्याने त्रिकूटेश्वराला एक गाव दान दिल्याचा लेख येथे आहे. त्यानंतर लक्कुंडीच्या परिसरात उभय सैन्यांची गाठ पडली. भिल्लमाचा उजवा हात म्हणविला जाणारा जैत्रसिंह लोक्किगुंडीला, म्हणजे लक्कुंडीला, पराभूत झाला आणि कुंतल देश बल्लाळाच्या हाती गेला. ही हकीकत आपणांस कळते ती बल्लाळाच्याच इ. स. ११९२ च्या लेखावरून. आणि तो लेखही याच त्रिकूटेश्वराच्या देवळातला, देवाला गाव दान देण्याचा. दोन्ही लेखांत दान स्वीकारणारा आचार्य एकच आहे: सिद्धांती चंद्रभूषण पंडितदेव. त्याला सत्यवाक्य असेही नाव होते. जिंकणारा बदलला, हरणारा नाहीसा झाला, आणि दोघांनीही ज्याच्या हातावर उदक सोडले तो आचार्य आपल्या मठात होता तेथेच राहिला. हेमाडपंत आणि जकणाचारी यांच्या गर्दीत या चंद्रभूषणाचे नाव किती जणांनी ऐकले असेल? वास्तविक यादवांच्या इतिहासाचा एक निर्णायक अध्याय धारवाडपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरांवर घडला, आणि तो वाचण्यासाठी देवगिरीला नव्हे, गदगला यावे लागते.

गदगहून लक्कुंडी सुमारे १२ किलोमीटर. आजचे खेडे, एकेकाळची लोक्किगुंडी; येथे टांकसाळ होती, आणि देवळे व पायऱ्यांच्या विहिरी इतक्या की गाव हिंडण्यात अर्धा दिवस सहज जातो. दशम्या आणि शेंगांची चटणी बरोबर असेल तर ती येथे सोडावी.

प्रथम ब्रह्मजिनालय पाहावे. इ. स. १००७ मध्ये हे उभारले ते अत्तिमब्बे नावाच्या स्त्रीने. तिचा पती नागदेव हा चालुक्यांचा सेनानी. तो युद्धात पडला. त्याची दुसरी पत्नी, जी अत्तिमब्बेचीच धाकटी बहीण होती, ती गुंडमब्बे सती गेली. अत्तिमब्बेने मात्र लहान मुलासाठी मागे राहणे पत्करले आणि उरलेले आयुष्य धर्मकार्यात व विद्येच्या आश्रयात वेचले. महाकवी रन्नाचे 'अजितपुराण' इ. स. ९९३ मध्ये पुरे झाले ते तिच्या आश्रयाने. पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या प्रती दुर्मिळ होत चालल्या आहेत असे दिसताच तिने त्या ग्रंथाच्या १००० प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या, असे परंपरा सांगते. 'दानचिंतामणी' ही पदवी तिला मिळाली ती अशाने.

ताडपत्रावर लोखंडी कंटाने एकेक अक्षर कोरावयाचे, मग त्यात काजळी भरावयाची. अशा १००० पोथ्या. लेखनिक किती लागले असतील, ताडपत्रे कोठून आली असतील, दिवस किती गेले असतील, याचा ज्याचा त्याने अंदाज करावा. मराठीच्या आरंभीच्या लेखांपैकी एक म्हणून ज्याची गणना होते, तो सोलापूर जिल्ह्यातील कुडलचा लेख इ. स. १०१८ चा, म्हणजे या जिनालयाहूनही अकरा वर्षांनी धाकटा. आपली भाषा दगडावर पहिली अक्षरे गिरवीत होती, तेव्हा शेजारच्या भाषेत एक विधवा बाई ग्रंथाच्या १००० प्रती घरोघर पोचवीत होती. शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाने आपली पूर्वज कोणाला म्हणावे, असा प्रश्न पडला तर अत्तिमब्बेचा विचार व्हावा.

पुढे काशीविश्वेश्वर. लक्कुंडीची कीर्ती आहे ती याच देवळामुळे. शिवाचे मुख्य देऊळ आणि त्याच्यासमोर, त्याच्याकडे तोंड करून, सूर्याचे धाकटे देऊळ. दोहोंमध्ये मोकळा चौथरा. मंडपाच्या पूर्व आणि दक्षिण दारांच्या चौकटी पाहताना घाई करू नये. उंबरठ्यापासून वरपर्यंत एकात एक अशा कित्येक पट्ट्या चढत गेल्या आहेत. एकीत वेल, एकीत माणसे, एकीत प्राणी, आणि प्रत्येक पट्टीची कोर निराळ्या खोलीची. दगड आतून इतका पोखरला आहे की पानामागे अंधार दिसतो. ऊन तिरपे असले म्हणजे हा अंधारच नक्षी उठवून दाखवितो. भर दुपारी तीच चौकट सपाट वाटते.

खांब निराळेच प्रकरण आहे. गोल, झिलईदार, अंगावर वर्तुळाकार वळ्या असे हे खांब कातून काढलेले आहेत. दगड घडवून झाला की तो खुंटीवर उभा फिरता ठेवून, फिरत्या अंगाला हत्यार लावून वळ्या पाडीत असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. कुंभाराचे चाक आणि कासाराचे कातकाम यांची ओळख ज्याला आहे, त्याला हे पटावयास वेळ लागणार नाही.

मराठी पाहुण्याने आणखी एक गोष्ट अवश्य शोधावी. बाह्य भिंतींवर, खांबांच्या मधल्या जागेत, देवळांच्या लहान लहान प्रतिकृती कोरल्या आहेत. त्यांत दाक्षिणात्य विमानांबरोबर उत्तरेकडची शिखरेही आहेत. ज्याला शास्त्रकार 'भूमिज' म्हणतात, तो अंबरनाथ आणि सिन्नर येथे आढळणारा, लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचीत नेणारा प्रकारही त्यांत आहे. लक्कुंडीच्या शिल्प्याला गोदाकाठची शिखररचना ठाऊक होती. त्याने ती प्रत्यक्ष बांधली नाही, पण नमुन्यादाखल भिंतीवर टिपून ठेवली. उलट दिशेनेही ये-जा होतीच. खिद्रापूरच्या कोपेश्वराला भिल्लमाचा नातू सिंघण याने इ. स. १२१३-१४ च्या सुमारास दिलेल्या दानाचा लेख संस्कृतात व देवनागरीत आहे, आणि त्याच देवळात जुने कानडी लेखही आहेत. तेथील लोकांना एकाच भिंतीवर दोन लिप्या पाहून काही वावगे वाटले नसावे.

लक्कुंडीहून पूर्वेकडे, कुकनूरजवळ, इटगी. इ. स. १९५६ पर्यंत लक्कुंडी मुंबई राज्यात आणि इटगी हैदराबाद राज्यात होती. इ. स. १९९७ च्या पुनर्रचनेत पहिली गदग जिल्ह्यात गेली, दुसरी कोप्पळ जिल्ह्यात. हे देवालय दंडनायक महादेवाने इ. स. १११२ मध्ये बांधले. महादेव हा सहाव्या विक्रमादित्याचा सेनापती. तोच विक्रमादित्य, ज्याच्या दरबारी काश्मीरचा बिल्हण कवी होता आणि ज्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाटण्या ज्या ग्रंथाच्या आधारे झाल्या, तो या देवळाच्या काळातला आहे. तेथील लेखात या देवळाला 'देवालय-चक्रवर्ती' म्हटले आहे, आणि महादेवाने आपल्या आईवडिलांच्या नावेही येथे देवळे उभारल्याचे सांगितले आहे.

चक्रवर्ती हे बिरुद दात्याने स्वतःच लावून घेतलेले असले तरी ते सहसा कोणी खोडून काढलेले नाही. हेन्री कझेन्स याने इ. स. १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कन्नड मुलखातील देवळांत हळेबीडच्या खालोखाल इटगीलाच स्थान दिले आहे. उघड्या सभामंडपाला मुळात ६८ खांब होते. लक्कुंडीच्या चौकटीत जो अतिरेकाचा मोह क्वचित जाणवतो, तो इटगीत नाही. येथे नक्षी मोजून वापरली आहे. आमचे मत विचाराल तर दोहोंत इटगी सरस.

दाता सापडला, सेनापती सापडला, आचार्य सापडला. शिल्पी मात्र इटगीत सहजी सापडत नाही. पण याच कारागीरवर्गातील काही नावे अन्यत्र उमटली आहेत. पट्टदकलच्या विरूपाक्षाचा स्थपती अनिवारिताचारी हा आठव्या शतकातला. बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण या दोघांनी बेलूरच्या देवळातील मूर्तींखाली आपली नावे कोरली आहेत. ते देऊळ इ. स. १११७ चे, म्हणजे इटगीनंतर अवघ्या पाच वर्षांनी सुरू झालेले. बळ्ळिगावी हे चालुक्यांच्या राज्यातले गाव. एका राजाच्या मुलखात शिकलेला हात दुसऱ्या राजाच्या देवळावर चालला, आणि हात तोडून देण्याऐवजी त्याने खाली सही केली. नावातील 'ओज' हा प्रत्यय 'उपाध्याय' शब्दापासून आला आहे. त्या काळी पाथरवटाला लोक गुरुजी म्हणत होते.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी एक सूचना. वर सांगितलेला क्रम वाटेने येतो तसा आहे. पण इटगीच्या देवळाचे तोंड पूर्वेला असल्याने त्याचा दर्शनी भाग सकाळच्या उन्हातच चांगला दिसतो. तेव्हा धारवाड पहाटे सोडून प्रथम थेट इटगी गाठावी, दुपारचे जेवण लक्कुंडीत करावे, ऊन कलल्यावर काशीविश्वेश्वराचे दक्षिणद्वार पाहावे, आणि सायंकाळी गदगला त्रिकूटेश्वराचे दोन्ही लेख पाहून परतावे. बरोबर जुनी कानडी वाचू शकणारा एखादा शेजारी असावा. शहरात असे जाणकार अजून भेटतात.